सोळा खण

१

आजोबांच्या घरी टपाल साडेदहाला येतं. मी सव्वादहापासूनच पुढच्या दारात जाऊन उभी राहते. दाराच्या फटीतून पत्रं अचानक पायपुसण्यावर आपटली की माझा जीव दचकतो, म्हणून ती पडताना बघितलेली बरी. तेवीस वर्षांच्या शिकल्यासवरल्या मुलीने हे सांगू नये, पण खरं आहे ते आहे.

फेब्रुवारीत आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना लिंकनच्या इस्पितळात नेलं. मी शाळेतली नोकरी सोडून बसलेच होते, त्यामुळे घर सांभाळायला मी आले. "आले" म्हणजे डॉर्कसआत्याने पाठवलं. पाठवतानाच म्हणाली होती, "हेटी, बाबांना परत घरी आणायचं की वृद्धाश्रमात ठेवायचं, हे तुझ्यावर आहे. तू नीट राहिलीस तर आणू. शाळेत वीस पोरांसमोर रडून पळून आलीस तसं इथे काही केलंस, तर मी घराला कुलूप लावणार. आधीच सांगून ठेवते."

आजोबांना त्या आश्रमाचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा मी नीट राहायचं ठरवलं होतं.

नीट राहायच्या यादीत कोंबड्या होत्या, शेगडी होती आणि आजोबांचा डाव होता. आजोबा तीस वर्षं टपालाने बुद्धिबळ खेळतात, तेही गोल पटावर. पट म्हणजे बांगडीसारखं कडं. सोळा खण, प्रत्येकात आतून बाहेर चार घरं, आणि मधोमध काही नाही. बाकीचे लोक मधलं वर्तुळ नुसतं काळं रंगवतात. आजोबांनी गोल टेबलाचाच पट केला आणि मध्ये आरपार भोक पाडलं, तळहाताएवढं. लहानपणी मी त्यातून प्यादी टाकायचे आणि टेबलाखाली रांगत जाऊन वेचायचे.

समोरचा खेळाडू मेबलथॉर्पचे गॉन्ट. दोघे आयुष्यात दोनदा भेटले असतील. कार्डावर खेळी लिहायची, कार्ड बैठकीतल्या घड्याळामागे ठेवायचं. शेजारच्या नेल रॅगबी दुपारी कोंबड्यांना दाणे टाकायला येतात, त्या पेटीत टाकतात. "तेवढं चालू ठेव," हे आजोबा झटका यायच्या आधीच एकदा म्हणाले होते. "डाव अर्धा सोडला की माणूस अर्धा राहतो."

२

त्या शनिवारी कार्ड आलं: राजा १२.

आदल्या दिवशीही राजाच होता, अकरावर. मला बुद्धिबळ बेताचं येतं, पण एवढं कळतं की अर्ध्या डावात राजा उघड्यावर फिरायला निघत नाही. तो कोपऱ्यात बसतो. गोल पटाला कोपरा नसतो हे खरं, तरीही तो हत्तीप्याद्यांच्या आड बसतो. गॉन्टचा काळा राजा मात्र सगळं सोडून एकटा निघाला होता. रोज एक खण.

तिकिटावर टपालाचा शिक्का नव्हता. असं होतं कधीकधी, मशीनमधून सुटतं एखादं. मी ते कार्ड उचललं आणि परत खाली टाकलं.

ते कोमट होतं.

मार्च महिना, ओसरीत तोंडातून वाफ निघते आहे आणि फरशीवर पडलेलं कार्ड कोमट. नुकतीच बेक केलेली पावाची लादी असते ना, तितकं. टपालवाल्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं असेल, असं मी मोठ्याने म्हटलं. मोठ्याने म्हटलं की मला जरा खरं वाटतं. मग लक्षात आलं, फाटकाची कडी वाजली नव्हती. आणि मी दारातच तर उभी होते.

म्हणजे पाहत नव्हते मी. नखं खात होते. तेवढ्यात आला असेल.

३

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या बुडाखाली निखारे आहेत. आजोबांचं घर त्या बाबतीत माझ्यासाठीच बांधलंय. मधोमध विटांचं भलंमोठं धुराडं, खोलीएवढं जाड, आणि त्याच्याभोवती चार खोल्या: बैठक, ओसरी, स्वयंपाकघर, कोठी. कोठीतून परत बैठकीत. एकातून दुसरीत दारं आहेत, त्यामुळे माणूस हवं तितकं गोल फिरू शकतो. माझी सोळा पावलं होतात, प्रत्येक खोलीत चार. लहानपणी आजोबाच मोजायला लावायचे. "बैठक एक ते चार, ओसरी पाच ते आठ, स्वयंपाकघर नऊ ते बारा, कोठी तेरा ते सोळा. हा आपला मोठा पट, हेटी. धुराडं म्हणजे भोक."

त्या शनिवारी मी ते मोजत चालले होते आणि बारावर थांबले.

बारा. स्वयंपाकघराचं शेवटचं पाऊल, कोठीच्या दारापाशी. तिथली फरशी पायाला गरम लागली, मोज्यांतून. मी वाकून हात लावला. बाजूची गार होती.

चूल जवळच आहे, म्हणून असेल. पण चूल मी पेटवली नव्हती.

रविवारी टपाल नसतं. रविवारी काही झालं नाही. मी हसलेसुद्धा स्वतःला.

४

सोमवारी कार्ड: राजा १३.

ते पायपुसण्यावर पडल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला. धुराड्याच्या पलीकडून, कोठीतून. एक पाऊल. एकच. कुणी वजन उचलून पुढच्या पायावर टाकावं आणि मग थांबावं, तसं.

त्या दिवशी मी दारात गेलेच नव्हते, बैठकीत उभी होते. आमचा पांढरा राजा पटावर तीनवर होता. मी किती पावलांवर उभी आहे ते मला मोजायचं नव्हतं, पण मी मोजलंच. तीन.

"उंदीर," मी म्हणाले.

त्याच दिवशी दुपारच्या बसने मला लिंकनला जायचं होतं. आजोबांना उचलायचं कसं, उठवायचं कसं हे इस्पितळात तीन दिवस शिकवणार होते, राहायचं आत्याकडे. म्हणजे तीन दिवस उत्तर देता येणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला उत्तरं द्यायचीच नव्हती. मला लांब जायचं होतं. कोठीपासून लांब.

टपालाने खेळणाऱ्यांची एक सवय असते, तिला ते "जर-तर" म्हणतात. तुम्ही अमुक खेळलात तर मी तमुक, असं आधीच लिहून द्यायचं. टपालाचे दिवस वाचतात. आणि ज्याला फारच घाई असते तो "जर"च्या जागी लिहितो, काहीही. तुम्ही काहीही खेळा, मी हे खेळणार. घड्याळामागे गेलेलं जर-तर मागे घेता येत नाही, हा नियम.

आजोबांनी ते कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. का नव्हतं केलं, हा विचार तेव्हा आला नाही. बस पावणेदोनची होती. कोठीच्या दाराकडे पाठ करायची नाही म्हणून मी भिंतीला टेकून, उभ्याने लिहिलं:

राजा ४. मग काहीही: राजा ५. काहीही: ६. काहीही: ७. काहीही: ८.

पळ, पळ, पळ. कार्ड घड्याळामागे खोचलं आणि पिशवी घेऊन मी पुढच्या दाराने निघाले. चाळीस मिनिटं बसथांब्यावर वाऱ्यात उभी राहिले, पण बरं वाटलं.

बस सुटल्यावर, बीटच्या रिकाम्या शेतांमधून जाताना, मी काचेवर बोटाने कडं काढलं आणि तेव्हा कळलं. सरळ रस्त्यावर पळालं तर माणूस लांब जातो. कड्यावर जो पळतो तो दुसऱ्या बाजूने परत येतो. तेरावरच्या माणसाने माझ्यामागे यायचीही गरज नव्हती. त्याने फक्त तोंड फिरवायचं होतं.

५

आजोबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. शब्द येतात, पण एकेक, विहिरीतून काढल्यासारखे.

"डाव?" त्यांनी विचारलं.

"मस्त चाललाय," मी म्हणाले.

आत्या पलीकडे बसून संत्रं सोलत होती. "बाबा, काय हो, तुम्हाला मरायला टेकल्यावरसुद्धा ते कडंच सुचतं? हेटी कशी आहे विचारा. झोपते का, जेवते का."

"जेवते मी," मी म्हणाले.

"नखं जेवतेस. दाखव हात. बघ, रक्त आलंय! अगं, या हातांनी उचलणार का तू त्यांना?" तिने संत्र्याची फोड माझ्या तोंडात कोंबली. आत्या वाईट नाही. तिला तीन मुलं आहेत, नवरा रात्रपाळीला असतो, आणि वडिलांना घरी ठेवायला तिच्याकडे खोली नाही. "शुक्रवारी अँब्युलन्सबरोबर मी स्वतः येणार आहे. घर बघेन, तुला बघेन. काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. आहे काही?"

आजोबा माझ्याकडे बघत होते. डावा हात त्यांनी चादरीवरून माझ्या हातावर ठेवला.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

६

गुरुवारी दुपारी परत आले तेव्हा नेल रॅगबी कोंबड्यांपाशीच होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कंबरेत वाकलेल्या, डोक्याला कायम रुमाल.

"आलीस का गं पोरी! तुझी ती तांबडी कोंबडी मला टोचते बघ. म्हातारीचे पाय, तेही सोडत नाही मेली."

"नेलआजी, सोमवारचं कार्ड तुम्ही पेटीत टाकलंत ना?" मला वाटत होतं, नसेल टाकलं. विसरल्या असतील. देवा, विसरल्या असू देत.

"कसलं कार्ड?"

"घड्याळामागचं. रोज ठेवते ते."

त्यांनी दाण्याचं भांडं खाली ठेवलं. "बाळ, अ‍ॅम्ब्रोझ इस्पितळात गेल्यापासून घड्याळामागे एक कार्ड नाही. मी रोज बघते की. मला वाटलं, तुला नाही येत खेळता, बिचारीचा डाव थांबलाय."

"पण मी ठेवते. आणि दुपारी नसतं तिथे."

"मग तूच टाकत असशील," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. शाळेत मुख्याध्यापिकेने तसंच पाहिलं होतं. म्हणून मी हसले आणि म्हणाले, "हो, मीच टाकते. बघा माझं डोकं."

"त्या पायपुसण्यावर एक पाकीट पडलंय तुझं," त्या जाता जाता म्हणाल्या.

पाकीट खरं होतं. गार, दमट, शिक्का मारलेलं. मेबलथॉर्पहून. म्हातारं थरथरतं अक्षर:

"प्रिय अ‍ॅम्ब्रोझ, तुला बरं नसल्याचं आपल्या बुद्धिबळ मंडळाच्या पत्रकात वाचलं. फेब्रुवारीपासून तुझ्या खेळीची वाट पाहतो आहे. घाई नाही. माझा राजा अजून हत्तीआड मजेत बसला आहे. सवडीने लिही. गॉन्ट."

मी ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे न बघता ओसरीतून थेट बैठकीत गेले. कार्डाचा खण म्हणून एक ड्रॉवर आहे, त्यात मंडळाची कोरी कार्डं आणि तिकिटं असतात. तिकिटांचं पान अर्धं फाडलेलं होतं. पानाच्या कडेला काळ्या बोटाचा ठसा. काजळी.

ती रात्र मी नेलआजींच्या सोफ्यावर काढली. त्यांना सांगितलं, गादीला ओल आलीय.

७

शुक्रवारी दहाला घरी आले. कार्ड आधीच पडलेलं होतं.

१२. ११. १०. ९.

चारही खेळ्या एकदम. माझं "काहीही" त्याने शब्दशः घेतलं होतं. मी पटापाशी गेले आणि दोन्ही राजे एकेक खण सरकवत गेले. चार, बारा. पाच, अकरा. सहा, दहा. सात, नऊ. आणि आता माझ्याच हाताने लिहिलेलं शेवटचं: आठ.

दोन राजे कधी एकमेकांशेजारी उभे राहत नाहीत. बुद्धिबळातला तो सगळ्यात जुना नियम असेल, पट चौकोनी असो की गोल. मध्ये निदान एक मोकळा खण लागतो. मी तोच भरायचं वचन देऊन बसले होते. सात म्हणजे ओसरी. नऊ म्हणजे स्वयंपाकघराचं पहिलं पाऊल. आठ म्हणजे दोघांच्या मधल्या दाराचा उंबरठा.

पांढरा राजा हातात धरून मी उभी असताना बाहेर अँब्युलन्स वाजली.

आत्या आधी आत आली आणि तिने चौफेर पाहिलं. पलंग खिडकीपाशी, चादर स्वच्छ. "हं," ती म्हणाली. "चांगलं आहे की." मग दोन माणसांनी आजोबांना खुर्चीतून आणलं. त्यांना खिडकी नको होती, पलंग नको होता. डाव्या हाताने त्यांनी पटाकडे खूण केली.

"घ्या, आले आणि बसले कड्यापाशी!" आत्या म्हणाली.

आजोबांनी कार्ड वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"काहीही?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तसं... लिहू नये," ते म्हणाले. "कधीच." माझ्या मुठीतून त्यांनी राजा काढून घेतला, क्षणभर सातवर धरला, आणि मग तो मधल्या भोकातून खाली टाकला. लहानपणी मी टाकायचे तसा.

खाली पडल्याचा आवाज आला नाही.

"झालं! बाबा, आता खेळण्याचेही हाल करा. हेटी, उचल ते. मी यांना पलंगावर घेते." आत्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.

मी टेबलाखाली शिरले. राजा नव्हता. गालिचा चाचपला, पायांमागे पाहिलं. मग वर पाहिलं, भोकातून. पांढरं छत, त्यावरची ती एक जुनी भेग. आत्याचा आवाज खिडकीकडून येत होता, "हात माझ्या गळ्यात टाका, असा."

भोक काळं झालं.

कुणीतरी वरून पटावर वाकलं होतं. मला हनुवटीची खालची बाजू दिसली आणि मान, धुराड्याच्या आतल्या विटांसारखी काळी. खेळाडू वाकतात तसं, निवांत, विचार करत. खालपर्यंत ऊब आली. मग लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला, टक्, आणि छत परत दिसलं.

"हेटी! अगं काय करतेस खाली? झोप काढतेस का?"

मी बाहेर आले. आत्या उशी थोपटत होती. पटापाशी कुणी नव्हतं. पांढरा राजा पटावर उभा होता. आठवर नाही. सहावर. न चालणारी खेळी लिहिली तर तीच सोंगटी दुसरीकडे हलवावी लागते, मागे का होईना. हाही नियम. त्याने तो माझ्यासाठी पाळला होता.

त्याच्यावर काजळीचा ठसा होता.

८

"चहा टाक आता," आत्या म्हणाली. "तिघांचा."

आजोबांनी उशीवरून डावा हात वर केला. चार बोटं.

"तीन हो, बाबा. मी, तुम्ही, हेटी. ड्रायव्हर गेला." ती मला हळूच म्हणाली, "आकडे गेलेत बघ बिचाऱ्यांचे."

आजोबांनी बोटं खाली घेतली नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले. आणि आत्याही बघत होती. स्वयंपाकघराच्या दाराची मूठ मी कशी धरते, त्यावर आजोबांचं घरी राहणं होतं. ते तिला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं.

मी ओसरीतून गेले. पाच. सहा. सात. आठ. मूठ गरम होती. मी उघडली.

आत कोणी नव्हतं. किटली वाफा सोडत होती. खाली विस्तव नव्हता.

मी चार कप भरले आणि ट्रे घेऊन आले, एक थेंबही बशीत सांडला नाही. आत्याने कप मोजले, आजोबांचं मन राखलं म्हणून माझ्या गालाला हात लावला. "चांगली आहेस गं तू," ती म्हणाली. "मी उगाच काळजी करत होते." चार वाजता ती लिंकनला गेली, डोळे पुसत, हलक्या मनाने.

चौथा कप मी पटाशेजारी ठेवला होता. उचलला तेव्हा रिकामा होता आणि तळाला काळी राख.

९

त्याला आता सहा आठवडे झाले. आजोबा घरी आहेत. खिडकीतून कोंबड्या बघतात, नेलआजींशी भांडतात, दोन-दोन शब्द एकत्र येऊ लागलेत. रोज साडेदहाला कार्ड पडतं आणि मी एक खण हलते, पटावर आणि घरात. मध्ये एक मोकळा ठेवायचा, बस. ते जमतं. त्याला नियम कळतात, हे आजोबांनी मला समजावलं. तो फसवत नाही. आपण घाई करायची नाही आणि बसून राहायचं नाही. मला तसंही बसवत नाही. रविवारी मात्र टपाल नसतं. रविवारी मी आजोबांच्या पलंगाच्या कडेला बसते आणि दोघं मिळून संत्रं खातो.

काल रविवार होता. साडेदहाला पायपुसण्यावर काहीतरी पडलं.

आजोबा झोपले होते. मी एकटीच ओसरीत गेले. कार्ड इतकं गरम होतं की पदराने उचलावं तसं मला स्कर्टच्या टोकाने उचलावं लागलं. त्यावर आकडा नव्हता. माझ्यासारखंच, उभ्याने, घाईत लिहिलेलं अक्षर होतं.

काहीही: तुझ्या शेजारी.